चॅट्सवर्थ : आधी कुरण, मग घर

इंग्लंडला येणाऱ्या आपल्या माणसांच्या यादीत लंडन असतं, केंब्रिज असतं, झालंच तर स्कॉटलंड असतं. डर्बीशायरमधलं चॅट्सवर्थ त्या यादीत क्वचित दिसतं आणि दिसलंच तर ‘ड्यूकचा राजवाडा, दोन तास’ एवढ्यावर आटोपलेलं असतं. दोन तासांत गाडी लावून, खोल्या बघून, दुकानातून बाहेर पडता येतं हे खरं. पण तेवढ्यात चॅट्सवर्थ कळत नाही. दरीतली नदी, तिच्यावरचा पूल, समोरची टेकडी, पाठीमागचं जंगल, डोंगरमाथ्यावरची तळी, अगदी उठवून पलीकडे वसवलेलं गाव, हे सगळं कॅव्हेंडिश या एकाच कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशी जुळवून घडवलं आहे. घर त्याच्या मधोमध बसलेलं आहे. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं एकच आहे : पूर्ण दिवस काढा, आणि घराच्या दारात गाडीतून उतरू नका. कुरणातून चालत या.

कुणाचं घर, हे आधी जाणून घ्या

आत गेल्यावर नावांचा आणि आकड्यांचा गोंधळ उडतो. पहिले ड्यूक, चौथे ड्यूक, सहावे ड्यूक, सगळ्यांची नावं बहुतेक विल्यम. त्यामुळे चार-पाच माणसं आधीच लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं सगळं जागच्या जागी बसतं.

पहिली व्यक्ती बेस ऑफ हार्डविक. चार लग्नं केलेली, हिशेबाला पक्की, बांधकामाची हौस असलेली बाई. तिचे दुसरे पती सर विल्यम कॅव्हेंडिश यांनी १५४९ मध्ये ही जागा ६०० पौंडांना घेतली आणि १५५२ मध्ये पहिलं घर बांधायला काढलं. बेसचे चौथे पती अर्ल ऑफ श्रूझबरी यांच्याकडे स्कॉटलंडची राणी मेरी नजरकैदेत होती, त्यामुळे मेरीलाही इथे अनेकदा आणून ठेवलं गेलं.

दुसऱ्या जागी पहिले ड्यूक. यांनी १६८७ पासून बेसचं घर एकेक बाजू करत पाडलं आणि नवं उभं केलं. ते काम १७०७ पर्यंत चाललं. १६९४ मध्ये त्यांना डेव्हनशायरचे ड्यूक ही पदवी मिळाली. डेव्हन परगण्याशी या घराचा संबंध पदवीपुरताच. घर डर्बीशायरमध्येच आहे. तिसऱ्या जागी चौथे ड्यूक. यांनी १७५०-६० च्या काळात लॅन्सलॉट ब्राऊन या उद्यानरचनाकाराला बोलावून आजचं कुरण आखून घेतलं. चौथ्या जागी सहावे ड्यूक आणि त्यांचा बागप्रमुख जोसेफ पॅक्स्टन. बागेत जे जे तोंडात बोट घालायला लावतं, त्यातलं बरंचसं या दोघांचं. आणि पाचव्या जागी अकरावे ड्यूक व त्यांची पत्नी डेबोरा. घर हातचं जायची वेळ आली असताना ते यांनी राखलं. त्यांची गोष्ट पुढे येईलच.

केव्हा जायचं

घर आणि बाग साधारणपणे मार्चच्या उत्तरार्धात उघडतात आणि जानेवारीच्या सुरुवातीला बंद होतात. मधले दोन-अडीच महिने आत दुरुस्ती आणि साफसफाई चालते. कुरणातल्या पायवाटा मात्र बारा महिने खुल्या असतात, आणि त्यांना तिकीट नाही.

माझी पहिली पसंती मे महिन्याला. झाडांना नवी पालवी, बागेत ऱ्होडोडेंड्रॉनचे ताटवे, कुरणात मेंढ्यांची कोकरं, आणि रात्री नऊपर्यंत उजेड. दुसरी पसंती ऑक्टोबरच्या अखेरीला. तेव्हा जंगलाचा रंग पालटलेला असतो आणि हरणांचा माजाचा हंगाम असल्याने नरांचं ओरडणं दरीभर ऐकू येतं.

नोव्हेंबरपासून घर नाताळासाठी सजवतात. ती सजावट दरवर्षी वेगळी असते आणि लहान मुलं खूष होतात. पण मूळ खोल्या, चित्रं, फर्निचर नीट पाहायचं असेल तर तो काळ टाळा. सजावटीमागे बरंच झाकलं जातं, गर्दी फार असते, आणि डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळत असल्याने बाग अर्धीच होते. उन्हाळ्याच्या शेवटी इथे मोठी ग्रामीण जत्रा भरते. जत्रा पाहायची असेल तर अवश्य जा. घर पाहायचं असेल तर तारखा तपासून ते दिवस सोडा.

वार निवडता येत असेल तर शाळा चालू असतानाचा मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार. शनिवार-रविवारी चित्रांच्या दालनात थांबायलाच जागा मिळत नाही.

तिकीट

तिकीट संकेतस्थळावरून आधीच काढा. घरात शिरायची वेळ तिकिटावर ठरलेली असते. चालत येणार असाल तर साडेअकरा-बाराची वेळ घ्या, म्हणजे सकाळ कुरणाला मिळते. घर आणि बाग असं एकत्र तिकीट मिळतं, नुसत्या बागेचंही मिळतं. मुलांसाठीचं शेतघर आणि खेळाची जागा यांचं तिकीट वेगळं. दर हंगामागणिक बदलतात, त्यामुळे इथे आकडा देत नाही. पण चार जणांच्या कुटुंबाला खर्च जाणवेल असा असतो, हे धरून चला. तिकीट फोनमध्ये उतरवून ठेवा, दरीत नेटवर्कचा भरवसा नाही.

खर्च जास्त वाटला तर एक मार्ग सांगते. नुसतं कुरण, नदीकाठ, मागचं जंगल आणि नदीपलीकडचं एन्झर गाव एवढं पाहायलाही अख्खा दिवस पुरत नाही, आणि त्याला एक पैसाही पडत नाही. विद्यार्थ्यांनी पहिल्यांदा असंच यावं. घर मग केव्हातरी.

कसं पोहोचायचं

लंडनच्या सेंट पँक्रासहून चेस्टरफील्डपर्यंत रेल्वेने सुमारे दोन तास लागतात. तिथून बस किंवा टॅक्सी. पण बस जास्त सोयीची पडते ती शेफील्डहून. मँचेस्टर, लीड्स इकडे राहणाऱ्यांनी शेफील्डच धरावं. शेफील्डहून बेकवेलला जाणारी २१८ क्रमांकाची बस बॅझलो गावातून चॅट्सवर्थला येते. वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलतं, रविवारचं वेगळं असतं. जाताना एवढं करा : परतीच्या शेवटच्या दोन बसच्या वेळा कागदावर लिहून खिशात ठेवा.

गाडीने येणाऱ्यांनी एम-१ महामार्गाच्या २९ क्रमांकाच्या फाट्यावरून चेस्टरफील्डमार्गे यावं. घराजवळ मोठं पार्किंग आहे. पण मी तुम्हाला तिथे न थांबता दक्षिणेला कॅल्टन लीज नावाच्या जागी गाडी लावायला सांगेन. तिथून नदीकाठाने घराकडे चालत येता येतं. वाटेत जुन्या पिठाच्या गिरणीचे अवशेष लागतात. १९६२ च्या वादळात झाडं कोसळून तिचं छप्पर गेलं, आणि ती तशीच राखली आहे.

बॅझलोहून चालत

बसने येणाऱ्यांनी बॅझलोच्या नेदर एंड थांब्यावर उतरावं. गवताने शाकारलेल्या घरांवरून एक वाट कुरणाच्या फाटकाकडे जाते. तिथून चॅट्सवर्थ तीन किलोमीटरच्या आतच आहे, वाट बहुतेक सपाट. रमतगमत पाऊण तास धरा.

या पाऊण तासात काय पाहायचं? पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, वा, काय निसर्ग आहे! मोकळं हिरवं रान, मध्येच एखादं विशाल ओकचं झाड, कुठे पाच-सहा झाडांचा पुंजका, वळणं घेत जाणारी डरवेंट नदी. यातलं जवळजवळ काहीच आपोआप झालेलं नाही. ब्राऊनने इथल्या आखीव-रेखीव बागांचा मोठा भाग मोडला, नदीचं पात्र सुधारलं, रस्ते हलवले, झाडं अशी लावली की दर पन्नास पावलांवर घराचा एखादा कोपरा दिसावा आणि पुन्हा दडावा. चालताना हे मुद्दाम तपासून पाहा. घर कधी दिसतं, कधी लपतं आणि शेवटी कुठे पूर्ण समोर येतं. अडीचशे वर्षांपूर्वी आखणाऱ्याला झाडं मोठी झालेली पाहायला मिळणार नव्हती. तरी त्याने ती कुठे शोभतील हे ठरवलं. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

आणखी एक गोष्ट शेतकऱ्याच्या डोळ्याला चटकन दिसते. ऊन तिरपं असताना गवताखाली लांबच लांब समांतर उंचवटे उमटतात. ते मध्ययुगातल्या शेतीचे सरी-वरंबे आहेत. इथे एकेकाळी बैल नांगर ओढत होते, गावकरी धान्य पेरत होते. जमीन कुरणाखाली गेल्यावर नांगर थांबला आणि त्या ओळी तशाच राहिल्या. सुंदर देखाव्याखाली दुसऱ्या कुणाचं तरी शेत आहे, ही गोष्ट इथल्या माहितीफलकांपेक्षा जमीनच नीट सांगते.

चालताना पाळायच्या गोष्टी थोड्या आहेत. मेंढ्या आणि हरणं मोकळी असतात, त्यांच्यापासून लांब राहा. ऑक्टोबरात नर हरणाच्या आणि कळपाच्या मध्ये कधीही जाऊ नका. जूनच्या सुमारास गवतात पाडस दिसलं तर हात लावू नका, आई जवळच असते. कुत्रा बरोबर असेल तर पट्ट्यावर. उघडलेलं फाटक बंद करा. गवत ओलं आणि लेंड्यांनी भरलेलं असतं, म्हणून पकड असलेले जुने बूट घाला. साडी किंवा कोरा पांढरा बूट या वाटेसाठी नाही. छत्रीपेक्षा टोपीचं रेनकोट-जॅकेट बरं, कारण दरीत वारा असतो.

घराच्या अलीकडे, झाडीत, पाण्याच्या खंदकाने वेढलेला एक दगडी चौथरा लागेल. त्याला राणी मेरीचा कुंज म्हणतात. बेसच्या काळातलं फार थोडं इथे उरलं आहे, त्यातलं हे एक. नंतर त्याची दुरुस्ती झालेली आहे. मेरी इथे मोकळ्या हवेवर बसायची असं सांगतात.

पुलावर थांबा

कुंजावरून थेट घरात शिरू नका. आधी तीन कमानींच्या पुलावरून नदी ओलांडून पलीकडे जा आणि मागे वळा. हा पूल जेम्स पेन या वास्तुकाराने १७६० नंतरच्या वर्षांत बांधला, आणि तो मुद्दाम तिरका ठेवला आहे, म्हणजे येणाऱ्याला घर कोनातून दिसावं. पश्चिमेकडून घराची पूर्ण दर्शनी बाजू, तिच्या खिडक्यांच्या सोनेरी चौकटी, मागे गर्द जंगल आणि त्यातून डोकावणारा शिकारमनोरा, हे एका नजरेत येतं. चौकटींना खरा सोन्याचा वर्ख आहे. २०१८ मध्ये संपलेल्या मोठ्या दुरुस्तीत तो नव्याने चढवला. दुपारनंतर ऊन या बाजूवर येतं, म्हणून फोटो परतीला काढा. सकाळी फक्त पाहा.

इथून मनात एक नकाशा करून घ्या : घर पूर्वेच्या उतारावर, बाग त्याच्या दक्षिणेला आणि मागे, जंगल त्याच्या वर, आणि पाणी सगळ्यात वर. दिवसभर हा उपयोगी पडतो.

घराच्या आत

आतला मार्ग ठरलेला असतो, पंचवीस-तीस खोल्यांचा. दीड तास ठेवा, दोन असले तर उत्तम. फोटो काढता येतात, फक्त फ्लॅश चालत नाही. पाठीवरची पिशवी पुढे घ्या. पायऱ्या पुष्कळ आहेत. ज्यांना जमत नाहीत त्यांच्यासाठी लिफ्ट आहे, दारातच सांगा.

सगळ्या खोल्या सारख्या निवांतपणे पाहू गेलात तर अर्ध्यात दमाल. माझ्या मते थांबायच्या जागा अशा.

चित्रदालनात, म्हणजे प्रवेशानंतरच्या उंच हॉलमध्ये, मान वर करून निदान पाच मिनिटं. छतावर आणि भिंतींवर लुई लाग्येरने १६९२ ते १६९४ मध्ये ज्युलियस सीझरचं आयुष्य रंगवलं आहे. राजा तिसरा विल्यम याला खूष करायचा त्यामागे हेतू होता. पुढे प्रार्थनागृह. तिथे काही बदललंच नाही, सतराव्या शतकाच्या अखेरीला जसं झालं तसं आहे. अलाबास्टर दगडाची वेदी, देवदाराच्या लाकडाचा वास. त्याच्या बाहेरच्या वाटेवर सेखमेत या सिंहमुखी इजिप्शियन देवीच्या पुरातन मूर्ती बसलेल्या आहेत. त्या सहाव्या ड्यूकांच्या संग्रहातल्या.

वरच्या मजल्यावरची दालनं राजा मुक्कामाला येईल म्हणून बांधली. संगीतदालनात एका अर्धवट उघड्या दारामागे आतल्या दारावर व्हायोलिन टांगलेलं दिसेल. ते लाकडावर रंगवलेलं चित्र आहे. यान व्हान डर व्हार्ट या चित्रकाराचं. जवळ जाऊन, डावीकडून, उजवीकडून पाहा; माहीत असूनही डोळा फसतो. दुसऱ्या महायुद्धात याच राजेशाही दालनांत शाळकरी मुलींचे पलंग लागले होते. वेल्समधल्या पेनरोस कॉलेजच्या मुली १९३९ पासून युद्ध संपेपर्यंत इथे राहिल्या आणि शिकल्या. सैन्याने घर ताब्यात घेऊन त्याची वाताहत करण्यापेक्षा मुली बऱ्या, असा दहाव्या ड्यूकांचा विचार होता, आणि तो बरोबर ठरला.

एका गॅलरीत भिंतभर मातीच्या, खडबडीत, विटकरी रंगाच्या फरश्या दिसतील. लोक तिथून पटकन पुढे जातात. थांबा. या घरातल्या माणसांच्या डीएनएच्या क्रमावरून त्या २०१४ मध्ये घडवल्या आहेत. पूर्वजांची तैलचित्रं लावणाऱ्या घरात आजच्या पिढीने स्वतःचं चित्र असं लावलं, ही कल्पना मला मनापासून आवडते.

मोठ्या भोजनगृहात १८३२ मध्ये तेरा वर्षांची राजकन्या व्हिक्टोरिया मोठ्यांबरोबर पहिल्यांदा औपचारिक जेवणाला बसली. शेवटी शिल्पदालन. तिथे कानोव्हा या इटालियन शिल्पकाराचा झोपलेला एंडिमियन, म्हणजे ग्रीक पुराणकथेतला तरुण, आहे, आणि राफाएल मोंटीची संगमरवरातली बुरखाधारी कुमारी. दगडातून कोरलेला तलम पडदा, आणि त्याच्या आतून दिसणारा चेहरा. इथे बसायला जागा मिळाली तर बसा.

प्रत्येक खोलीत एक मार्गदर्शक उभे असतात. त्यांना प्रश्न विचारा. संकोच करू नका. त्यांतले बरेच जण वर्षानुवर्षं तिथे काम करतात आणि विचारलं की खुलतात. ‘या खोलीत तुम्हाला सर्वांत आवडणारी वस्तू कोणती?’ एवढा एक प्रश्न पुरतो.

हे घर टिकलं कसं

शिल्पदालनातून बाहेर पडताना हे जाणून घेणं मला आवश्यक वाटतं. दहाव्या ड्यूकांचा थोरला मुलगा १९४४ मध्ये बेल्जियममध्ये लढताना मारला गेला. वारसा धाकट्या अँड्र्यूकडे, म्हणजे पुढच्या अकराव्या ड्यूकांकडे, आला. वडिलांनी मालमत्ता आधीच त्याच्या नावे केली होती, पण कायद्यानुसार त्यानंतर पाच वर्षं त्यांनी जगायला हवं होतं. मुदत पुरी व्हायला थोडेच आठवडे उरले असताना, नोव्हेंबर १९५० मध्ये, ते अचानक वारले. मालमत्तेवर ८० टक्के वारसाकर बसला. हजारो एकर जमीन गेली, जगप्रसिद्ध चित्रं गेली, बेसने बांधलेलं हार्डविक हॉल गेलं. त्या काळात इंग्लंडात अशी शेकडो घरं पाडली जात होती. अँड्र्यू आणि डेबोरा १९५९ मध्ये इथे राहायला आले आणि त्यांनी घराला स्वतःच्या पायावर उभं केलं : पाहुणे, शेतमालाचं दुकान, बागेतले कार्यक्रम. १९८१ मध्ये घर, बाग आणि कुरण एका धर्मादाय न्यासाच्या हाती दिलं. कुटुंब आजही तिथेच राहतं, न्यासाला भाडं देऊन. तुमच्या तिकिटाचे पैसे छपराच्या शिशाला, नळांना आणि भिंतींना लागतात.

जेवण

तबेल्याची प्रशस्त इमारत, तीही पेनचीच, आता उपाहारगृहांची आहे. शाकाहारी सूप, सँडविच, स्कोन, चहा मिळतो. साडेबारा ते दोन रांग मोठी असते. डबा आणलात तर बागेत किंवा कुरणात गवतावर बसून खाता येतो. पोळीभाजीचा डबा आणि थर्मासमधला चहा यावर तिथली दुपार फार छान जाते. चूल, शेगडी मात्र पेटवायची नाही आणि कचरा परत न्यायचा.

बाग, म्हणजे पाणी

बाग १०५ एकरांची आहे. सगळी पाहायची म्हटलं तर पाय बोलू लागतात. म्हणून एक धागा पकडा : पाणी. इथल्या कारंज्यांना आणि धबधब्याला पंप नाही. डोंगरावरच्या तळ्यांत साठवलेलं पाणी नळांतून उतरतं आणि उंचीच्या जोरावर उसळतं. हे तीनशे वर्षं चालत आलेलं तंत्र आहे.

सुरुवात दक्षिणेकडच्या लांब तळ्यापासून करा. त्यातलं सम्राट कारंजं १८४४ चं. रशियाचा झार निकोलस येणार म्हणून सहाव्या ड्यूकांनी पॅक्स्टनला जगातलं सर्वांत उंच कारंजं करायला सांगितलं. पॅक्स्टनने घरापासून ३५० फूट उंचावर माळरानात आठ एकरांचं तळं खणलं, मशालींच्या उजेडात रात्रपाळ्या लावल्या आणि सहा महिन्यांत काम पुरं केलं. कारंजं २९६ फुटांपर्यंत उसळल्याची नोंद आहे. झार आलाच नाही. कोरड्या उन्हाळ्यात पाणी जपून सोडतात, त्यामुळे कारंजं कधी चालू असतं ते दारात विचारून घ्या. पुढे १८९३ मध्ये याच पाण्यावर जनित्र बसवून घराला वीज दिली.

मग पूर्वेच्या उतारावरचा पायऱ्यांचा धबधबा. ग्रिये या फ्रेंच माणसाने तो १६९६ मध्ये पूर्ण केला आणि काही वर्षांत आणखी मोठा केला. पायऱ्यांचे चोवीस टप्पे आहेत आणि प्रत्येकाची घडण थोडी वेगळी, त्यामुळे पाण्याचा आवाज जागोजागी बदलतो. वरून खाली डोळे मिटून चालत आलात तरी फरक कळतो. या धबधब्याच्या मोठ्या दुरुस्तीचं काम अलीकडे हाती घेतलं आहे, म्हणून पाणी वाहत आहे का ते संकेतस्थळावर पाहून या. जवळच तांब्याचं विलोचं झाड आहे. त्याच्या फांद्यांतून अचानक पाणी उडतं. मुलांना आधी सांगू नका.

पॅक्स्टन इथे आला तेव्हा बावीस वर्षांचा होता. ९ मे १८२६, पहाटे साडेचार. फाटकं बंद, म्हणून भिंतीवरून उडी मारून आत, सगळी बाग पायाखाली घालून सहा वाजता माणसांना कामाला लावलं, मग घरव्यवस्थापिकेकडे न्याहारी. तिची भाची सारा तिथेच भेटली आणि पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं. हे सगळं त्याने स्वतःच सांगून ठेवलं आहे. त्याने पुढे इथे पाऊण एकरावर काचेचं प्रचंड उष्णगृह उभारलं, ज्यातून राणी व्हिक्टोरियाची बग्गी गेली. १८४९ मध्ये दक्षिण अमेरिकेतलं राक्षसी कमळ इंग्लंडात पहिल्यांदा फुलवलं, आणि १८५१ चा लंडनचा क्रिस्टल पॅलेस, म्हणजे काचेचा प्रदर्शन-महाल, तोही त्याचाच. उष्णगृह आता नाही. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, झाडं मेली, १९२० मध्ये ते सुरुंग लावून पाडलं. त्या जागी १९६२ मध्ये यू झाडांचा चक्रव्यूह लावला. चक्रव्यूहात शिरण्यापूर्वी भोवतालच्या दगडी पायाचा फेरफटका मारा, म्हणजे काचघर केवढं होतं ते कळेल. कोळसा नेण्याचा बोगदाही जवळच आहे.

जळगावकडच्या वाचकांसाठी खास : मॉरिशसहून इंग्लंडात आलेलं एक बुटकं केळीचं रोप पॅक्स्टनने मिळवून इथल्या काचघरात वाढवलं. १८३५ च्या नोव्हेंबरात ते फुललं, आणि ड्यूकांच्या आडनावावरून त्या केळीला कॅव्हेंडिश नाव पडलं. रावेर-यावलच्या मळ्यांतली बसराई आणि ग्रँड नैन याच कॅव्हेंडिश गटातल्या. त्याच वर्षी ड्यूकांनी जॉन गिब्सन या माळ्याला कलकत्त्याला धाडलं. तो खासी टेकड्यांतून ऑर्किडच्या कितीतरी जाती घेऊन १८३७ मध्ये परतला. त्यांतल्या एकीचं नाव डेंड्रोबियम गिब्सोनी. वाटाड्यांची, रोपं वाहणाऱ्या खासी माणसांची नावं मात्र कुठल्याच फुलाला मिळाली नाहीत, हे बागेत फिरताना माझ्या मनात राहतं.

वेळ उरला तर पॅक्स्टनची दगडी बाग आणि उतारावरची काचेची भिंत बघा. गुलाबवाटिका घाईत असाल तर सोडा. गुलाब इंग्लंडात सगळीकडे आहेत.

पाण्याच्या उगमाकडे

पाय शाबूत असतील तर तबेल्यामागून स्टँड वूड जंगलात चढा. चढण खडी आहे, वर पोहोचायला अर्धा-पाऊण तास. वर शिकारमनोरा आहे, १५८० च्या दशकातला, बेसच्या काळातला. बायका इथून शिकार पाहत. त्याच्यापुढे सम्राट तळं. खाली ज्या पाण्याचा उसळता खांब पाहिला, ते पाणी इथे शांत पडून आहे. वाटेत जुन्या रोमन जलसेतूच्या धर्तीवर पॅक्स्टनने बांधलेला, मुद्दाम मोडका ठेवलेला सेतू लागतो. हा सगळा भाग विनातिकीट. हिवाळ्यात तीननंतर चढू नका.

एन्झर

पाटीवर तुम्ही एडेन्सॉर वाचाल, पण गावकरी आणि बसचालक एन्झर म्हणतात. पूल ओलांडून दहा-पंधरा मिनिटं. जुनं गाव घरासमोरच होतं. त्याचा काही भाग चौथ्या ड्यूकांच्या काळात गेला, उरलेला सहाव्या ड्यूकांनी १८३८ ते १८४२ मध्ये टेकडीआड नव्याने वसवला. देखाव्यात गाव दिसायला नको होतं, हे त्यामागचं साधं कारण. नवी घरं भक्कम आणि सुंदर आहेत, प्रत्येकाची धाटणी वेगळी : एखादं स्विस, एखादं इटालियन, एखादं किल्ल्यासारखं. एक घर मात्र कुरणात एकटं उरलं आहे, येताना रस्त्यालगत दिसेल. लोक अजून इथे राहतात, तेव्हा अंगणात डोकावू नका.

चर्चच्या वरच्या अंगाला कॅव्हेंडिश कुटुंबाच्या साध्या कबरी आहेत. त्यांतच कॅथलीन केनेडी आहे, युद्धात मारल्या गेलेल्या थोरल्या मुलाची पत्नी. ती १९४८ मध्ये विमान अपघातात गेली. तिचा भाऊ, अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी, जून १९६३ मध्ये इथे येऊन गेले. स्वतःच्या खुनाच्या पाच महिने आधी. पॅक्स्टनची समाधी खालच्या बाजूला आहे, आणि ती मालकांच्या कबरींपेक्षा कितीतरी मोठी आहे.

आईबाबा आणि मुलं बरोबर असतील तर

भारतातून आलेल्या आईबाबांना सगळा क्रम झेपणार नाही. त्यांच्यासाठी : गाडीने घराजवळ उतरा, पुलापर्यंतच चाला, घर लिफ्टने, मग मोठी विश्रांती, बागेत फक्त लांब तळं आणि धबधब्याचा पायथा. चाकाची खुर्ची लागणार असेल तर आधी फोन करून राखून ठेवा. मे महिन्यातही स्वेटर आणि कानटोपी असू द्या. पाच-सहा वर्षांच्या मुलांना घरात तासाभरापेक्षा जास्त ठेवू नका; त्यांना चक्रव्यूह, विलोचं झाड आणि शेतघर द्या.

दुसरा दिवस असेल तर

बेकवेलला मुक्काम करा, बसने जवळ आहे. तिथलं बेकवेल पुडिंग प्रसिद्ध आहे, पण त्यात अंडं असतं, शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावं. चॅट्सवर्थचं शेतमालाचं दुकान पिल्झ्ली गावात आहे, तिथलं चीज घ्या. आणि गाडी असेल तर हार्डविक हॉलला जाच. एम-१ च्या त्याच २९ क्रमांकाच्या फाट्याजवळ. करात गेलेलं ते घर आता नॅशनल ट्रस्ट या वारसावास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे, तिकीट वेगळं काढावं लागतं. बेसने ते १५९० नंतर, सत्तरीकडे झुकलेली असताना बांधलं आणि मनोऱ्यांच्या माथ्यावर दगडात स्वतःची आद्याक्षरं उभी केली. तिचं चॅट्सवर्थ पहिल्या ड्यूकांनी पाडलं, पण हार्डविक जवळजवळ तिने सोडलं तसंच उभं आहे, त्यामुळे ही दोन घरं लागोपाठच्या दिवशी पाहिलीत तर शंभर वर्षांत इंग्लंडातल्या श्रीमंतांची घराची कल्पना किती बदलली ते स्पष्ट दिसतं.